इंटर्नशिप संपली. आता सीव्हीवर काय लिहू?

अर्धीवकील
नमस्कार मंडळी. पुण्यात पाच वर्षांच्या लॉच्या चौथ्या वर्षाला आहे, घर रत्नागिरीजवळ. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे आमच्या कोर्सला एकूण २० आठवडे इंटर्नशिप लागते (तीन वर्षांवाल्यांना १२), आणि वर्षात सलग चार आठवड्यांच्या वर चालत नाही. माझे शेवटचे चार राहिले होते. वर्गातले बरेच जण मुंबईच्या फर्ममध्ये गेले. मला तिथे राहायचा खर्च झेपणारा नव्हता, म्हणून मे महिन्यात घरी आले आणि रत्नागिरीतल्याच एका फर्ममध्ये लागले. फर्म म्हणजे, पाटीवर 'अँड असोसिएट्स' आहे. आत सर, मॅडम, एक ज्युनियर आणि क्लार्क काका, जे सरांच्या वडिलांच्या काळापासून आहेत. नाव सांगणार नाही, विचारू नका.

चार आठवड्यांचा हिशोब असा: सातबारे ३२, फेरफार (सातबाऱ्यावरच्या नावांत झालेल्या बदलांच्या नोंदी) ६१, नकलेसाठी तहसीलच्या फेऱ्या मोजल्या नाहीत, झेरॉक्सवाल्याशी मैत्री १. चहा मी केला नाही, पण टपरीवर सांगायला मीच जायचे. कोर्टात एकदाही गेले नाही कारण कोर्टाला सुट्टी. पैसे शून्य. प्रमाणपत्रावर "विविध कायदेशीर कामांत सहभाग घेतला, वर्तणूक चांगली" एवढंच. शाळा सोडल्याचा दाखला वाटतो.

तिकडे मैत्रिणी लिंक्डइनवर 'ड्यू डिलिजन्स' (व्यवहाराआधीची कागदांची तपासणी), 'मर्जर' वगैरे टाकतायत. मी काय टाकू? 'सातबारा वाचता येतो'? तो तर आमच्या आजीलाही येतो. पुढच्या वर्षी नोकरीसाठी अर्ज करताना या चार आठवड्यांचा काही उपयोग आहे का, की सरळ गाळून टाकू?

तिरफळ
गो बाय, सातबारो वाचूक शिकलंस मां, मगे कोकणात उपाशी मरणा नाय. :)

बाररूमवाला
बावीस वर्षं जिल्ह्यात वकिली करतो आहे, म्हणून थोडं लांब लिहितो.

पहिली चूक तुझी: मे महिना. दिवाणी कोर्टांना उन्हाळी सुट्टी असते, तातडीचं आणि जामीन वगैरे तेवढं चालतं. उलटतपास ऐकायचा असेल तर नोव्हेंबर ते मार्चमध्ये यायचं. पण प्रांत अधिकारी आणि तहसीलदार यांना सुट्टी नसते, आणि मे महिन्यात चाकरमानी गावी आलेले असतात. एरवी अकरा महिने मुंबईत असलेले चुलते, पुतणे, आतेभाऊ एकाच घरात पंधरा दिवस राहतात. पहिला आठवडा आंबे, दुसरा आठवडा वाटप. तिसऱ्या आठवड्यात आमच्या ऑफिसात बसायला खुर्ची नसते. त्यामुळे तुला सातबारे मिळाले, यात तुझ्या सरांनी तुला बाजूला टाकलं असं काही नाही. मे महिन्यात आमच्याकडे दुसरं कामच ते असतं.

दुसरं. आजीला सातबारा वाचता येतो हे मला मान्य नाही. आजीला स्वतःचं नाव कुठे आहे ते कळतं. आकड्याभोवतीचं वर्तुळ म्हणजे फेरफार नंबर, कंसात टाकलेलं नाव म्हणजे कमी झालेलं नाव, 'इतर हक्कात' "कुळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र" असा शेरा असेल तर ती जमीन कुळाला मिळालेली आहे आणि तशीच विकता येत नाही, हे वाचता येणारी आजी असेल तर माझ्याकडे पाठव, ज्युनियर म्हणून घेतो.

कोकमआगळ
मास्तर, शेवटचं वाक्य म्हणजे पगाराची ऑफर समजायची का? आजीला सांगतो.

नरिमनरिटर्न
मी त्या 'मैत्रिणीं'पैकी. म्हणजे मित्र. दोन वर्षांपूर्वी मुंबईत एका मोठ्या फर्ममध्ये महिनाभर होतो. (मूळ गाव गुहागर.) एसी थंडगार, कॉफीचं मशीन, पाहुण्यांसाठीचं कार्ड गळ्यात. माझं काम सांगतो. १४० पानांचा करार. त्यात "कलम ७.३ मध्ये म्हटल्याप्रमाणे" असं जिथे जिथे आहे, तिथे ७.३ मध्ये खरंच ते म्हटलंय का ते बघायचं. समोरच्या बाजूने कलम ४ गाळलं की सगळे आकडे सरकणार, पुन्हा पहिल्यापासून. रात्री दीड वाजता जेवण ऑफिसच्या खर्चाने, टॅक्सीही. करार कशाचा होता हे मला शेवटच्या दिवशी कळलं, तेही लिफ्टमध्ये.

अशील नावाचा माणूस महिनाभरात पाहिला नाही. कोर्ट तर सोडूनच द्या.

पैसे मिळाले, पंधरा हजार. त्यातले नऊ ठाण्याच्या पीजीवाल्याला गेले. तरी मिळाले, हे महत्त्वाचं आहे. लिंक्डइनवर मी याला 'ड्यू डिलिजन्स' म्हटलं. तू केलंस तेही ड्यू डिलिजन्सच आहे, फक्त तुझ्याकडे तो झेरॉक्सच्या वासात झाला.

भरतीओहोटी
मुद्दा भरकटवू नका. शून्य रुपये हा मुद्दा आहे. चार आठवडे राबवून घेतात आणि वर 'शिकायला मिळतं' म्हणतात. सुतार सुद्धा हाताखालच्या पोराला चहापाण्याचे देतो. बार कौन्सिलने २०२४ मध्ये परिपत्रक काढलं होतं ना, शहरात २० हजार, गावात १५ हजार?

बाररूमवाला
ते ज्युनियर वकिलांसाठी, इंटर्नसाठी नाही. आणि शिफारस आहे, सक्ती नाही. किती जण पाळतात ते मला विचारू नका.

भरतीओहोटी
विचारतोच. तुम्ही पाळता का?

बाररूमवाला
ज्युनियरला देतो. आकडा इथे लिहिणार नाही. इंटर्नला आजवर दिले नाहीत.

पर्सिसवाला
अवांतर: रत्नागिरी आणि इंटर्न हे नातं जुनं आहे. इंग्रजांनी ब्रह्मदेशच्या थिबा राजाला १८८५ मध्ये गादीवरून उतरवून पुढच्या वर्षी इथे आणून ठेवलं. १९१६ मध्ये तो इथेच गेला. सावरकर १९२४ ते १९३७ इथेच स्थानबद्ध. 'इंटर्न' या शब्दाचा इंग्रजीतला जुना अर्थ तोच की, नजरेखाली ठेवणे. थिबाला निदान पेन्शन होती आणि शेवटची काही वर्षं राहायला समुद्रावर नजर जाईल असा राजवाडा. अर्धीवकीलताईंना टपरीवरचा चहा. हलके घ्या.

तिरफळ
:D :D

माडाखालचा
मी वकील नाही, आंबा बागायतदार आहे, पण एक सांगतो. कोकणातला वकील चांगला की वाईट हे मी एकाच प्रश्नावर ठरवतो: तो जागेवर येतो का. आमच्या सामाईक जमिनीत वरकस (उताराची हलकी जमीन) वेगळी, कातळ वेगळा, आंब्याची कलमं वेगळी. सातबाऱ्यावर आणे-पैने हिस्से लिहिलेत. माझा हिस्सा दोन आणे आठ पै. आता दोन आणे आठ पै म्हणजे कुठली कलमं? आजोबांनी बोटाने दाखवलेली. कागदावर ती कुठेच नाहीत. पहिल्या वकिलाने ऑफिसात बसून दावा लिहिला, चतुःसीमा सगळ्या उलट्या. पूर्वेला समुद्र लिहिला होता. कोकणात!

अर्धीवकील
माडाखालचा, आमच्या सरांनी मला एकदा जागेवर नेलं होतं. राजापूरच्या बाजूला. एक विहीर सातबाऱ्यावर आहे आणि जमिनीत नाही. खरंच नाही. शेजारच्या सर्व्हे नंबरात निघाली, दगड लावून बुजवलेली. मी टिपणात "विहीर आढळली नाही" लिहिलं तर काका म्हणाले, "आढळली नाही असं नको, 'जागेवर नाही' लिही. आढळली नाही म्हणजे तू शोधली नाहीस असं समोरचा म्हणेल."

काकांकडून शिकले ते जास्त. सर सांगायचे कुठलं कलम, काका सांगायचे कुठलं कपाट. फेरफार नेहमी शेवटच्यापासून मागे वाचत जायचे हेही त्यांनीच सांगितलं. मी पहिल्या दिवशी १९५३ पासून पुढे वाचायला घेतलं आणि दुपारपर्यंत एकाच नावाची तीन माणसं झाली: आजोबा, नातू आणि एक चुलत.

जुनासातबारा
१९५३ चे फेरफार बाळबोधेत होते का? आमच्याकडच्या मागच्या नोंदी मोडीत आहेत. मोडी वाचणारा म्हातारा गाठायचा तर त्याचीच वारसनोंद लागलेली असते.

अर्धीवकील
दोन मोडीत होते. काकांना थोडी येते. 'सदरहू' पर्यंत आम्ही दोघं मिळून पोचायचो, पुढे अंदाज.

भरतीओहोटी
अंदाज!! आणि या अंदाजावर कोणीतरी पन्नास लाखांची जमीन घेणार.

बाररूमवाला
अंदाजावर कोणी रिपोर्ट देत नाही हो. मोडी जाणकाराकडून लिप्यंतर करून घेतात, पैसे देऊन.

कोकमआगळ
किती वाचलं ते सांगितलंस. सापडलं काय ते सांग ना. ३२ सातबाऱ्यांत एखादं तरी भूत असणार.

अर्धीवकील
[प्रतिसाद संपादित: मजकूर काढून टाकला आहे.]

पर्सिसवाला
अर्धीवकील, वर जे लिहिलंयस ते आत्ताच्या आत्ता काढ. नाव नसलं तरी तालुका, हिस्सेदार किती, वर्ष कोणतं, एवढ्यावरून गावातला माणूस तीन मिनिटांत ओळखेल. अशिलाने वकिलाला सांगितलेलं बाहेर जाऊ द्यायचं नाही हा नियम वकिलाच्या क्लार्कला आणि नोकरालाही लागू आहे. पूर्वी पुरावा कायद्याचं १२६ व १२७, आता नव्या साक्ष्य अधिनियमाचं १३२. इंटर्नला नाही असं कोणाला वाटत असेल तर त्याने ती पळवाट पहिल्यांदा स्वतःच्या सीव्हीवर लिहून बघावी.

अर्धीवकील
काढलं. चुकलं माझं. धन्यवाद.

कोकमआगळ
अरे देवा, मी भाजी आणायला गेलो तेवढ्यात गेलं? कोणीतरी थोडक्यात...

पर्सिसवाला
नाही.

सुरंगी
मी वाचलं होतं ते काढायच्या आधी. त्याबद्दल काही बोलत नाही. माझंच सांगते, माझ्या गोष्टीवर माझा हक्क आहे. (निदान तिच्यावर तरी.)

माझं लग्न १९८९ चं. वडील १९९१ ला गेले. आम्ही दोघी बहिणी, दोन भाऊ. वर्षश्राद्धाला माहेरी आले होते तेव्हा थोरला म्हणाला, "जरा तलाठ्याकडे जाऊन येऊ, वारसनोंदीला सगळ्यांच्या सह्या लागतात." गेलो. जबाब लिहून तयार होता. लग्नात माहेरने योग्य तो खर्च केला आहे, मला हिस्सा नको, भावांची नावे लावण्यास हरकत नाही, असं काहीतरी. काहीतरी म्हणते कारण मी तो वाचला नाही. मी बी.ए. झालेली आहे. वाचता येत होतं. पण भाऊ शेजारी उभा असताना त्याच्यासमोर कागद वाचायला घेणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास, असं तेव्हा वाटलं. तलाठी भाऊसाहेबांनी वाचून दाखवला नाही. धाकटीने तर कुठे सही करू एवढंच विचारलं. घरी आलो, भावजयीने साडी दिली, फणसाचे गरे बांधून दिले. रागावण्यासारखं त्या दिवशी काही घडलंच नाही, हे लक्षात घ्या.

वीस वर्षांनी नवऱ्याच्या निवृत्तीनंतर तालुक्याला दहा गुंठे घ्यायचे ठरले. घेताना विचारलं, शेतकरी आहात का, दाखला? महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला शेतकरी असावं लागतं हे मला माहीत होतं, आणि मी शेतकऱ्याचीच मुलगी, म्हणून निर्धास्त होते. माहेरचा सातबारा काढला. माझं नाव होतं. कंसात.

तेव्हा एका वकिलांच्या ऑफिसात गेले होते. तिथे तुझ्यासारखीच एक मुलगी कोपऱ्यात बसून फायली लावत होती. वकील फोनवर होते. तिने फेरफाराची नक्कल बघितली आणि मला हळूच विचारलं, "काकू, हा जबाब तुम्हाला वाचून दाखवला होता का?" इतक्या वर्षांत हा प्रश्न मला पहिल्यांदा कोणीतरी विचारला होता.

पुढे मी दावा केला नाही. तो माझा निर्णय, त्यावर सल्ले नकोत.

कोकमआगळ
सुरंगीताई __/\__ भाजीचं लिहिल्याबद्दल क्षमस्व.

नरिमनरिटर्न
सुरंगीकाकू, सल्ला नाही, फक्त शंका, आणि ती बाररूमवाल्यांना: असा नुसता तलाठ्यापुढचा जबाब कायद्याने चालतो का?

बाररूमवाला
ताईंच्या प्रकरणावर बोलत नाही, सर्वसाधारण सांगतो. शंभर रुपयांवरच्या स्थावराचा हक्क सोडायचा तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं. तलाठ्यापुढचा जबाब हे हक्कसोडपत्र नव्हे. आणि फेरफाराने मालकी मिळतही नाही, जातही नाही, ती महसुलासाठीची नोंद आहे. हे सर्वोच्च न्यायालयाने इतक्यांदा सांगितलंय की आमचे टायपिस्ट तो परिच्छेद न बघता टाईप करतात. वडिलांच्या वाट्यात मुलीला हिस्सा १९५६ च्या कायद्यापासून होताच. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना सहदायाद (वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मापासून हिस्सेदार) केलं, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने ती अट गेली, आणि २०२० मध्ये विनीता शर्मा निकालाने वडील २००५ ला हयात हवेत का हा वादही मिटला, नसले तरी चालतं.

हे सगळं बरोबर असूनही कोकणात अर्ध्या गावाचे सातबारे अशा जबाबांवर उभे आहेत. कारण सरळ आहे. हक्कसोडपत्राला दुय्यम निबंधकाकडे जायचं, मुद्रांक, साक्षीदार, बहिणीला तिथे बोलवायचं, तिथे ती विचारणार. तलाठ्याकडे कोणी विचारत नाही.

तिरफळ
आमच्या मावशेन सही करूक नाय. तेका गणपतीक बोलवणा बंद केल्यानी. सात वर्सां. कायदो बरो आसा, पण गणपतीक खंय जातला माणूस?

माडाखालचा
तिरफळ यांच्या प्रतिसादाला लाईकचं बटण नाही म्हणून लिहितो. आमच्याकडे उलट झालं. आत्याने नाव लावून घेतलं आणि तिच्या मुलांनी ते हायवेच्या भूसंपादनाच्या वेळी वापरलं. मोबदला सहा वाट्यांत गेला. वडील वर्षभर आत्याशी बोलले नाहीत. मग आत्याच आजारी पडली आणि बोलले. तिच्या वाट्याचं होतं तिला मिळालं, आज मागे बघताना मला त्यात गैर काही दिसत नाही. तेव्हा दिसलं होतं.

जुनासातबारा
धागा सीव्हीचा होता बहुतेक.

भरतीओहोटी
पैशांचा होता.

कातळफूल
न्यायाधीश व्हायचं डोक्यात असेल तर लक्षात ठेव: मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची झाली. तात्पुरती सनद (वकिलीचा परवाना) मिळाल्यापासून मोजतात. इंटर्नशिप त्यात धरत नाहीत. म्हणजे पास झाल्यावर कोणाच्या तरी ऑफिसात बसायचंच आहे, आणि ऑफिस निवडायला हे चार आठवडे उपयोगी. मी स्वतः चुकीच्या ऑफिसात दीड वर्ष काढलं. तिथे सगळ्या केसेस चेक न वटल्याच्या, कलम १३८. एकच नोटीस, रक्कम बदलायची. शुद्धलेखनाच्या चुकाही त्याच पुढच्या नोटिशीत जायच्या.

बाररूमवाला
कातळफूल, चिपळूणकडच्या का? त्या नोटिशी मला आल्यात बहुधा. 'धनादेश अनादरीत'मधला 'अ' नसायचा.

कातळफूल
गप्प बसते.

गुलमोहर_चिपळूण
चिपळूणचा उल्लेख झालाच म्हणून. २२ जुलै २०२१ चा पूर. वडिलांचं ऑफिस तळमजल्याला. पाणी ओसरल्यावर दार उघडलं तर कपाटातल्या फायली फुगून कपाटाची दारं उघडेनात. तेव्हा दोन इंटर्न होते, एक जण तर आठवड्यापूर्वीच आलेला. त्यांनी काय केलं? वरच्या मजल्यावर सुतळ्या बांधून, कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी एकेक पान वाळत घातलं. दहा दिवस. वकीलपत्रं, कैफियती, जुनी खरेदीखतं. शाई पसरलेली, शिक्के एकमेकांवर उमटलेले. कुठलं पान कुठल्या फाईलचं हे निशाणी नंबरावरून (दाव्यातल्या कागदाला दिलेला क्रमांक) जुळवायचं. एकाने नंतर सांगितलं की निशाणी ५ म्हणजे तात्पुरत्या मनाईचा अर्ज हे त्याला पुस्तकातून नाही, त्या सुतळीवरून कळलं. कारण प्रत्येक दाव्यात ५ नंबरला तेच होतं. जे पुरातून वाचलं नाही त्याच्या कोर्टातून नकला काढल्या.

त्या दोघांना वडिलांनी पैसे दिले होते. भरतीओहोटी, तुमच्यासाठी मुद्दाम लिहितेय.

भरतीओहोटी
नोंद घेतली. एकूण प्रतिसाद तीस-पस्तीस, पैसे दिल्याची उदाहरणं दोन, त्यातलं एक पुरामुळे.

नरिमनरिटर्न
अवांतर विचारतो: कोल्हापूरला सर्किट बेंच झाल्यापासून तुमच्याकडे इंटर्नना हायकोर्ट बघायला मिळतं का? ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी, सिंधुदुर्ग तिकडे ना?

बाररूमवाला
हो. आधी अपील म्हणजे रात्रीची कोकणकन्या, सकाळी फोर्ट. आता आंबा घाट. सावंतवाडीवाले खूश आहेत. मंडणगड-दापोलीवाल्यांना विचारा, त्यांना मुंबई सरळ होती, कोल्हापूर म्हणजे आडवा प्रवास. रायगड मुंबईकडेच राहिलं.

तिरफळ
आमी खूश आसों. आंबोली उतराची नि चडाची सवय आसा.

पर्सिसवाला
घाटाचं सोडा, मे महिन्यात रत्नागिरीत काळा कोट घालून नकलेच्या रांगेत उभी होतीस का ग?

अर्धीवकील
पहिले दोन दिवस! पांढरा शर्ट, काळी टाय, कोट, सगळं नियमाप्रमाणे. तिसऱ्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "अगं, उन्हाळ्यात खालच्या कोर्टात वकिलांनाही कोटाची सक्ती नाही, आणि तू तर तहसीलला चाललीयस. तिथे कोट बघून नक्कल उशिरा देतात." कोट काढल्यावर नक्कल खरंच लवकर मिळाली.

काल रात्री सगळं पुन्हा वाचलं. सुरंगीकाकू, तुमचं दोनदा. जे काढून टाकलं त्यातलं सांगण्यासारखं एवढंच उरतं: कागद मागे मागे वाचत गेले तेव्हा एक गोष्ट दिसली. टिपणात लिहिली. काका म्हणाले, "सरांना दाखव. ते एकटे असताना." सरांनी चष्मा काढून ते पान दोनदा वाचलं आणि सर्च रिपोर्टात (मालकी तपासल्याच्या अहवालात) जसंच्या तसं घातलं, कोणाकोणाच्या सह्या लागतील त्या नावांसकट. ज्यांचं काम होतं त्यांना तो रिपोर्ट नको होता, त्यांना 'निर्वेध' (म्हणजे मालकीत काही अडचण नाही) एवढा एकच शब्द हवा होता. ते फाईल घेऊन गेले. फीची अर्धी रक्कमही राहिली. सर मला काही बोलले नाहीत. शाबासकी नाही, काही नाही. दुसऱ्या दिवशी टेबलावर पुढचा गठ्ठा.

मी त्या दिवशी घरी येऊन आईला म्हटलं होतं की माझ्यामुळे सरांचं गिऱ्हाईक गेलं. खरं सांगायचं तर इथे धागा काढला तेव्हाही डोक्यात तेच होतं.

सुरंगी
ज्यांच्या सह्या लागणार होत्या त्यांना कोणी कळवलं का?

अर्धीवकील
नाही काकू. ते आम्हाला कळवता येत नाही. आम्ही दुसऱ्या बाजूचे होतो.

सुरंगी
बरं.

जुनासातबारा
असं असेल तर सरांच्या ऑफिसबद्दलचं माझं मत बदललं. पैसे दिले नाहीत ते दिले नाहीतच, पण ऑफिस बरं आहे.

नरिमनरिटर्न
सीव्हीची ओळ मी देतो. मराठीत देतो, इंग्रजी तू कर: "सामाईक शेतजमिनीचा हक्कशोध: ३२ सातबारे, ६१ फेरफार, १९५३ पासून, मालकीतील त्रुटींचे टिपण, ते अंतिम अहवालात समाविष्ट." बस. 'सहभाग घेतला' वगैरे काही नको. जो वाचेल त्याला कळेल. ज्याला कळणार नाही त्याच्याकडे जाऊ नकोस, तो तुला कलम ७.३ देईल.

पर्सिसवाला
'१९५३ पासून' हे काढ. वर्ष आणि संख्या एकत्र आली की पुन्हा ओळखू येतं. आणि मोडीचं घाल. दोनच फेरफार असले तरी घाल, खोटं नाही.

अर्धीवकील
"मोडी: सदरहूपर्यंत" :)
घालते. पण मोडी खरंच शिकायला घेतेय, काकांकडे रविवारी.

बाररूमवाला
अर्धीवकील, दिवाळीच्या सुट्टीनंतर माझ्याकडे ये. वर्ष बदललं की पुन्हा चार आठवडे करता येतील, तुझे २० भरले असले तरी. दोन वाटपाचे दावे पुराव्याला लागलेत, उलटतपास ऐकायला मिळेल, एकात कोर्ट कमिशनर जागेवर जायचाय. कोट आण, तेव्हा लागेल.

अर्धीवकील
सर, नक्की येईन. फक्त आधी एक विचारते. महिन्याला किती?

भरतीओहोटी
शाब्बास!

बाररूमवाला
कळवतो.

पर्सिसवाला
मुदतीचा अर्ज. मंजूर.